रेकॉर्ड्‌स संगणकावर उतरवायच्या असतील तर व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप घ्यावा का?

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडिलांनी जमवलेल्या साधारण दोनशे एलपी आणि पंधरा-वीस ७८च्या रेकॉर्ड्‌स त्यांच्या घरी आहेत. नाट्यसंगीत, खयाल, थोडी भावगीते. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचे एलपी१२०एक्स-यूएसबी, त्याच्यासोबत आलेले व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते आणि तिच्या थरथरीची वीज होते तो भाग). वडील ऐंशी पार झाले आहेत, त्यांना हे सगळे सहज ऐकता यावे म्हणून संगणकावर उतरवायचे आहे. पुढे ते लिहितात, "वडिलांचे कान व्हॉल्व्हच्या रेडिओवर तयार झालेत, तो रेडिओ अजून कपाटावर आहे आणि चालतो. पंधरा हजारांच्या आत एखादा चांगला ट्यूब फोनो प्रीअँप सुचवा, म्हणजे तो जुना गोडवा रेकॉर्डिंगमध्ये येईल."

आवाज वाढवणाऱ्या, आतून तापणाऱ्या त्या काचेच्या नळीला तुम्ही ट्यूब म्हणता, आम्ही दुरुस्तीवाले व्हॉल्व्ह म्हणत आलो. मी तोच शब्द वापरतो. आणि फोनो प्रीअँप म्हणजे टर्नटेबल आणि अँप किंवा संगणक यांच्या मधले खोके. आधी अँप आणि रेडिओ दुरुस्त करायचो, गेली बावीस वर्षे पुण्यात लोकांच्या घरच्या रेकॉर्ड्‌स उतरवून देतो. त्यामुळे पुढचे सगळे कामाच्या टेबलावरून सांगतो आहे.

तुमच्या प्रश्नात दोन कामे एकमेकांत मिसळली आहेत: रेकॉर्ड ऐकणे आणि रेकॉर्ड उतरवणे. ऐकताना एखादे यंत्र आवडले नाही तर उद्या बदलता येते. उतरवताना मात्र यंत्राची चव रेकॉर्डिंगमध्ये कायमची शिजते. दोनशे एलपी, प्रत्येकी चाळीस मिनिटे धरली तरी ८००० मिनिटे होतात, म्हणजे नुसते वाजवायलाच १३३ तास. धुणे, गाणी वेगळी करणे, नावे घालणे धरून त्याच्या दुप्पट. हे काम कोणी दुसऱ्यांदा करत नाही. आजवर एकानेही केलेले मी पाहिलेले नाही. म्हणून खरा प्रश्न "कुठला व्हॉल्व्ह प्रीअँप" हा नसून, "पंधरा हजारांत रेकॉर्डच्या खाचेत जे आहे ते जास्तीत जास्त जसेच्या तसे संगणकात कसे जाईल" हा आहे. गोडव्याची सोय नंतर करता येते. ती कशी, ते शेवटी सांगतो, कारण तुमच्या घरी त्याचे साधन आधीच आहे.

फोनो प्रीअँप दोन कामे करतो. तुमच्या कार्ट्रिजमधून सुमारे ४ मिलिव्होल्ट निघतात, ते शंभरेक पट, म्हणजे ४० डेसिबल, वाढवायचे. आणि आरआयएए वक्र उलटा फिरवायचा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या खाचा एकमेकींत घुसतील आणि वरचे सूर खरखरीत बुडतील. १९५४ साली ठरलेल्या या वक्राप्रमाणे वाजवताना १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल चढवावे लागतात आणि २०,००० हर्ट्झला जवळजवळ तेवढेच उतरवावे लागतात. प्रीअँपची खरी परीक्षा या उलट्या वक्रात होते. हे सर्किट अर्ध्या डेसिबलच्या आत अचूक असेल तर आत व्हॉल्व्ह आहे की चिप, हे ओळखणे फार कठीण जाते. चांगल्या रचनेचा व्हॉल्व्ह प्रीअँप नितळच वाजतो.

मग तो प्रसिद्ध गोडवा कुठून येतो? थोडा भाग खरा आहे. व्हॉल्व्ह मूळ सुराला त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर किंचित जोडतो. मध्य षड्जावर तार षड्जाची पातळ साय यावी तसा. तो सुरात मिसळून जातो आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. मात्र तानपुरा, पेटी आणि गळा एकदम वाजत असताना हाच दोष सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार करतो आणि मैफिलीचा तळ गढूळ होतो. राहिलेला मोठा भाग, स्वस्त यंत्रांत तर जवळजवळ सगळाच, चुकलेल्या आरआयएएचा असतो. वरचे सूर दोन डेसिबल खाली, खर्ज दोन डेसिबल वर, आणि आपण म्हणतो, काय उबदार आवाज आहे! तो परिणाम कुठल्याही अँपच्या ट्रेबल-बासच्या बटणांनी मिळतो, तोही हवा तेव्हा काढून टाकता येईल असा.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी या बाबतीत इतका कडक झालो ती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाच्या चाळीस रेकॉर्ड्‌स मी व्हॉल्व्हच्या प्रीअँपवरून उतरवल्या. स्पीकरवर झकास वाजल्या, घरचे खूश, मीही खूश. काही महिन्यांनी चांगले हेडफोन आणले आणि त्यातला एक खयाल लावला. गायकाचा सूर काळी एक. तानपुऱ्याचा पंचम थरथरत होता. सेकंदाला चार हेलकावे, अगदी मोजून. पंचमाची तार त्या सुरात १०४ हर्ट्झला लागते. माझ्या प्रीअँपच्या पॉवर सप्लायचा कपॅसिटर थकला होता, त्यामुळे १०० हर्ट्झची बारीक हम, म्हणजे विजेची गुणगुण, सिग्नलमध्ये चढत होती. १०४ आणि १०० एकमेकांवर आपटत होते. फिल्टर लावून १०० हर्ट्झ काढायला गेलो तर हम गेली आणि तिच्याबरोबर पंचमही सुकला. पुन्हा उतरवून देतो म्हणून त्या घरी फोन केला. मधल्या पावसाळ्यात माळ्यावर पाणी झिरपून अर्ध्या रेकॉर्ड्‌स गेल्या होत्या. कव्हरे बुरशीने चिकटली होती आणि तबकड्या वाकल्या होत्या. त्या खयालाची आज तेवढीच एक प्रत त्या घरात आहे, थरथरत्या पंचमासकट. ते मला आजही लागते.

हमचा धोका प्रत्येक फोनो प्रीअँपला आहे, कारण आरआयएए ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल आणि १०० हर्ट्झला १३ डेसिबल चढवून देतो, म्हणजे आपल्या विजेचे दोन्ही सूर नेमके उचलून धरतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात त्यात फिलामेंटची, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेची, भर पडते. फिलामेंटला सरळ एसी दिली असेल तर ५० हर्ट्झची हम जवळजवळ ठरलेली. म्हणून व्हॉल्व्हचेच घ्यायचे झाले तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: फिलामेंटला डीसी आहे का?

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती कपॅसिटन्सची, म्हणजे केबल आणि सर्किट विजेचा जो बारीक साठा करतात त्याची. तो पिकोफॅरडमध्ये मोजतात. तुमच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला ४७ किलोओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड भार हवा असतो. टोनआर्मच्या आतली तार आणि केबल मिळून शंभर-दीडशे पिकोफॅरड आधीच होतात. फोनोत बहुतेक वेळा १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह असतो (ईसीसी८३ तोच). पहिल्या टप्प्यात तो साठ पटीच्या आसपास वाढ देत असला, तर आतल्या दीड-पावणेदोन पिकोफॅरडचे बाहेरून शंभराच्या वर दिसतात. त्यात निर्मात्याने इनपुटला आणखी शंभर-दीडशेचा कपॅसिटर लावलेला असला की बेरीज चारशेवर जाते. कार्ट्रिजच्या कॉइलची इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. २०० पिकोफॅरडला तिचा अनुनाद १५,००० हर्ट्झच्या आसपास बसतो, ४००ला तो १०,७०० पर्यंत खाली घसरतो. ऐकू काय येते? खरखर टोकदार होते, "स", "श" बोचतात आणि त्याच्या वरचे सगळे एकदम गळून पडते. लोक म्हणतात रेकॉर्ड झिजली. रेकॉर्ड ठीक असते, कपॅसिटन्स जास्त झालेला असतो. म्हणून केबल शक्य तितकी आखूड ठेवा आणि इनपुटचा कपॅसिटन्स निवडता येणारा प्रीअँप घ्या.

आता बाजार. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणारी जी छोटी खोकी असतात, वर दोन चिमुकले व्हॉल्व्ह आणि त्यांच्याखाली नारिंगी उजेड, त्यांतल्या बऱ्याच खोक्यांत आरआयएए आणि वाढ दोन्ही कामे चिप करते; ६जे१ जातीचे व्हॉल्व्ह पुढे नुसते बफर म्हणून, म्हणजे तयार सिग्नल पुढे सोडायला, बसवलेले असतात. उजेड कित्येकदा एलईडीचा असतो. हे वाईटच वाजते असे म्हणणार नाही, चिप चांगली असेल तर ठीक वाजते. पण मग तुम्ही व्हॉल्व्हचे पैसे देऊन चिप ऐकता आणि व्हॉल्व्हची खरखर फुकट मिळते. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. यंत्र पूर्ण थंड असताना रेकॉर्ड लावा, सुई टेकवा आणि मग प्रीअँप चालू करा. सिग्नल खरोखर व्हॉल्व्हमधून जात असेल तर फिलामेंट तापेपर्यंत, दहा-वीस सेकंद तरी, आवाज येणारच नाही. तत्क्षणी गाणे सुरू झाले तर व्हॉल्व्ह शोभेचा आहे. (व्हॉल्व्ह नुसता बफर असला तरी उशीर होतो, आणि काही चांगल्या यंत्रांत चालू होताना आवाज अडवणारा रिले असतो, तेव्हा उशीर झाला म्हणजे सगळे काम व्हॉल्व्हच करतो, असे मात्र लगेच धरू नका.)

१२एएक्स७ला मोकळेपणी काम करायला दीडशे-अडीचशे व्होल्ट लागतात. १२ व्होल्टचा अॅडॅप्टर दिसला म्हणून यंत्र बाद करू नका, आत व्होल्टेज चढवणारे सर्किट असू शकते. पण त्याबद्दल विचारा, आणि उत्तर गोलमोल आले तर सोडून द्या. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेला जुना नग असेल तर तो ११५ किंवा १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३०ला सरळ लावला तर जळेल. १२एएक्स७ असलेलेच यंत्र घ्या, कारण हा व्हॉल्व्ह गिटारच्या अँपमध्येही असतो आणि आजही नवा बनतो, स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचा वगैरे. जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात बंगळूरच्या बीईएलचे व्हॉल्व्ह निघतात. एखादा चांगला निघाला तर ठेवून द्यावा, पण त्या भरवशावर यंत्र घेऊ नये.

बेलारी व्हीपी१३० हा १२एएक्स७वरचा साधा, प्रामाणिक प्रीअँप आहे. जुना, चालू स्थितीतला, २३० व्होल्टची सोय असलेला मिळाला तर विचार करा. प्रो-जेक्ट कंपनीचा ट्यूब बॉक्स एस२ चांगला आहे, पण तुमच्या बजेटच्या बराच वर जातो.

मी तुमच्या जागी असतो तर पंधरा हजारांतून उतरवण्यासाठी व्हॉल्व्ह घेतलाच नसता. एआरटीच्या डीजे प्री टूसारखा साधा ट्रान्झिस्टर-चिपचा प्रीअँप घेतला असता. त्याला १०० आणि २०० पिकोफॅरडचे बटण आहे, वाढ कमी-जास्त करता येते, वाकलेल्या रेकॉर्डचे डोलणे कापणारा फिल्टर आहे. तुमच्या कार्ट्रिजला १००वर ठेवा. उरलेल्या पैशांत २४ बिटचा साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज आकड्यांत बदलून संगणकात नेणारे खोके), कारण टर्नटेबलमधले यूएसबी १६ बिटचे आहे, आणि एक नवी सुई. ही सुई सगळ्यात महत्त्वाची. झिजलेल्या सुईमागे कुठलाही प्रीअँप लावा, काही उपयोग नाही, शिवाय ती रेकॉर्ड कायमची खरवडते. आकड्यांत किंमती देत नाही, आयात शुल्क आणि दुकान यांप्रमाणे त्या फार हलतात. पुण्यात बुधवार पेठ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून मग ऑनलाइन पाहा.

बाहेरचा प्रीअँप जोडताना टर्नटेबलच्या मागचे बटण "फोनो"वर हवे. ते "लाइन"वर राहिले तर आरआयएए दोनदा लागते, खर्ज ढोलासारखा येतो आणि वरचे सूर बुडतात. हे इतक्या वेळा पाहिले आहे की घरी गेल्यावर आधी मागचे बटण बघतो.

तरीही तुमचे मन व्हॉल्व्हवरच असेल, किंवा कोणाकडून उसना मिळत असेल, तर कामाला लावण्यापूर्वी एवढे करा. वीस मिनिटे तापू द्या. टर्नटेबल चालू, सुई उचललेली, अशा स्थितीत एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढा. ५०, १००, १५० हर्ट्झला सुळके दिसतात का पाहा. मग गाणे सुरू होण्यापूर्वीची रिकामी खाच रेकॉर्ड करा. यंत्राचा आवाज रिकाम्या खाचेच्या आवाजापेक्षा निदान १० डेसिबल खाली असेल तर तो रेकॉर्डखाली झाकला जातो. नसेल तर आधी अर्थिंग तपासा, प्रीअँप विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने व्हॉल्व्हला हलके टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह बदला, कारण स्पीकरची धमक तो परत रेकॉर्डिंगमध्ये घालेल. दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे पाहायला एखादी मोनो एलपी लावा, एक चॅनल उलटा करून दोन्ही मिसळा. गाणे जवळजवळ नाहीसे व्हायला हवे आणि नुसती खरखर उरायला हवी. गायक स्पष्ट ऐकू येत राहिला तर दोन्ही बाजूंची वाढ सारखी नाही.

एक अडचण जोडणीत येते. काही इंटरफेसचा लाइन इनपुट १० किलोओहमचा असतो. व्हॉल्व्ह प्रीअँपच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्या भारावर खर्ज ३४ हर्ट्झपासूनच गळायला लागतो. ४७ किलोओहमच्या इनपुटवर तीच हद्द ७ हर्ट्झवर जाते. म्हणजे व्हॉल्व्ह घेतला तर इंटरफेसही बघून घ्यावा लागतो. चिपच्या प्रीअँपला ही कटकट नसते.

उतरवताना आवाजाचे शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये थोडे खाली राहिले तरी काही बिघडत नाही. मी ९६ किलोहर्ट्झला उतरवतो, कारण रेकॉर्डची टकटक त्यात अरुंद राहते आणि नंतर नेमकी काढता येते. तुमच्या ८००० मिनिटांचे त्या हिशेबाने पावणेतीनशे जीबी होतील, फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेली फाइल) केल्यास त्याहून बरेच कमी. न साफ केलेली मूळ प्रत कायम वेगळी ठेवा. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. आणि रेकॉर्ड आधी धुवा. डिस्टिल्ड पाणी, मऊ द्रवसाबणाचे दोन थेंब, लेबल कोरडे, सावलीत उभी वाळवणे. एका धुण्याने जेवढी खरखर जाते तेवढी सॉफ्टवेअरने गाण्याला धक्का न लावता जात नाही.

तुमच्या ७८च्या रेकॉर्ड्‌स सध्याच्या सुईने एकदाही वाजवू नका. एलपीची सुई १८ मायक्रॉनची, ७८च्या खाचेला ७५च्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळातल्या गाळात घासत जाते. तुमच्या कार्ट्रिजच्या त्याच अंगावर बसणारी ७८ची सुई मिळते, व्हीएमएन९५एसपी नावाने, आणि तुमच्या टर्नटेबलला ७८चा वेगही आहे. लाखेच्या या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. यातल्या बहुतेक आरआयएएच्या आधीच्या असणार, म्हणून फोनो प्रीअँपमधून त्या मंद, कोंदट येतात. उतरवा तशाच, मग ऑडॅसिटीत आरआयएए उलटा लावून काढा आणि खर्ज २५०-३०० हर्ट्झच्या खाली हळूहळू चढवा. वरचे सूर कानाने ठरवा. दोन्ही चॅनल मिसळून मोनो करा, बरीच खरखर तिथेच एकमेकींना मारते.

आता गोडव्याचे. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ कपाटावर आहे म्हणता, त्याची मागची बाजू पाहा. त्या काळच्या बऱ्याच सेटना मागे ग्रामोफोन जोडायची जागा असायची, दोन भोके, बाजूला "पिकअप" किंवा "ग्राम" लिहिलेले किंवा तबकडीचे चित्र. तिथे संगणकाचा किंवा फोनचा आवाज देता येतो. मग वडिलांना त्यांच्या रेकॉर्ड्‌स त्यांच्याच व्हॉल्व्हमधून, त्यांच्याच स्पीकरमधून ऐकता येतील, आणि फायलीत मात्र खाचेतले गाणे नितळ राहील. फक्त ही वायर स्वतः जोडू नका. काही जुने सेट एसी-डीसी दोन्हीवर चालणारे, बिनट्रान्सफॉर्मरचे असत. त्यांच्या चासीवर थेट मेन्स असते आणि ती वायरमधून फोनवर, फोनवरून हातात येते. जुने सेट दुरुस्त करणारा माणूस नाशिकमध्ये नक्की सापडेल. त्याला मागचे झाकण उघडायला सांगा, आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे की नाही बघू द्या, आणि असला तरी मध्ये एक छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून घ्या. सेट वर्षानुवर्षे दुरुस्तीला गेलेला नसेल तर त्याचे जुने कागदी कपॅसिटरही त्याच वेळी बदलायला सांगा. झाकण उघडल्यावर आतल्या व्हॉल्व्हचे नंबर लिहून मला कळवा, पुढचे काय करायचे ते त्यावरून सांगतो.